उरलेला एक शब्द

2022 ची दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. वाईत तोवर पहाटे अंगावर शाल लागायला लागते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, नेहमीसारख्या सहाला उठल्या, चूळ भरली, तुळशीला पाणी घालायला तांब्या उचलला आणि तो हातातून निसटला. आवाज ऐकून मी आतूनच विचारलं, "काय हो आई, लागलं का?" त्या काहीतरी बोलल्या, पण तोंडात घास असल्यासारखं. झोप झाली नसेल, पित्त उसळलं असेल, असं आम्हीच ठरवून टाकलं. त्यांना पडायला सांगितलं, लिंबूपाणी दिलं. त्या पाण्याचा ठसका लागला तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. नऊला उठवायला गेले तेव्हा तोंड डावीकडे ओढलं गेलं होतं, आणि उजवा हात उचलून सोडला की धपकन गादीवर पडत होता.

गाडी मिळवून साताऱ्याला पोचेस्तोवर अकरा वाजून गेले. सीटी स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं डॉक्टर सांगत होते आणि मी मनातल्या मनात सहापासूनचे तास मोजत होते. तेव्हापासून भेटेल त्याला सांगते, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं लडबडलं, यातलं एक जरी दिसलं तरी माणसाला झोपवू नका, काही पाजू नका, गाडीत घाला आणि स्कॅनची सोय असेल ते हॉस्पिटल गाठा. आम्ही घालवलेले तास काही परत आले नाहीत. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला तीन वर्षं लागली. आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर आम्ही बसलो होतो. डॉक्टर येऊन म्हणाले, "जीव वाचलाय, पण बोलणं परत येईल का, आत्ता सांगता येत नाही." माझ्या नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. आणि माझ्या आत काहीतरी सैल पडलं. सुटल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी त्या वाटण्याची इतकी भीती वाटली की मी उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

2004 साली लग्न होऊन मी या घरात आले. अठरा वर्षं त्यांच्या जिभेखाली काढली. आई दुष्ट नव्हत्या. सासरे लवकर गेले, तेव्हा त्यांनी गल्लीतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन आणि उन्हाळ्यात पापड-कुरडया करून दोन लेकरं वाढवली. पण बोलायला फार कडक. पोळीला पापुद्रा सुटला नाही, भाजीत मीठ चढलं, माहेरचा फोन लांबला, न्हाऊन ओले केस तसेच ठेवून चुलीपाशी आले, प्रत्येकावर बोलणं होतं. आणि बहुतेक बोलणं 'नको'ने सुरू व्हायचं. "नको घालू एवढा गूळ." "नको लावू हात, मी करते." मी काही करायला गेले की तो शब्द दारात उभाच असायचा.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापलीकडची होती. 2011 च्या गौरीपूजनाच्या दिवशी सकाळी कराडहून फोन आला, वडिलांचं काही खरं नाही म्हणून. मी पिशवी भरली. आई म्हणाल्या, "घरात गौरी बसल्यात. नैवेद्य होऊ दे, मग जा." मी थांबले. पुरण वाटलं, सोळा भाज्या केल्या, ताट वाढलं. कराडची दीड-दोन तासांची वाट संपवून पोचले तेव्हा वडिलांना अंगणात घेतलं होतं. त्यावर आई कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

अशी मी, आणि अशा त्या. नळी लावलेल्या, लुळ्या पडलेल्या, त्यांना घेऊन आम्ही तीन आठवड्यांनी घरी आलो.

सुरुवातीला मी जे केलं ते कर्तव्य म्हणून केलं. त्यात माया नव्हती, हे सरळ सांगते. वेळच्या वेळी सगळं होत होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीवर, कमरेवर, टाचांवर लाल चट्टा उठलाय का बघायचं, हवेच्या गादीचा पंप चालू आहे ना ते तपासायचं, नळीतून पेज घालायची. मी भिंतीवर तक्ता लावला होता आणि झालेल्या कामावर टिक करत होते. कुणी आलं की तो तक्ता बघून माझं कौतुक करायचं. मला ते आवडायचंही.

दिवसा मदतीला बावधनकडच्या एक मावशी यायला लागल्या. शाळा चौथीपर्यंत. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, मावशी आईंच्या अंगाला हात लावण्याआधी बोलतात. "आई, आता कुशीवर घेते हां. आधी गुडघा मुडपते." "आई, पाणी जरा गार लागंल, पुसू का?" आणि विचारून झाल्यावर थोडं थांबतात, आईंच्या तोंडाकडे बघतात, मगच हात लावतात. मी तीन आठवडे त्यांना न सांगता उलटं-सुलटं करत होते, गाठोडं हलवावं तसं. मावशींनी मला काही शिकवलं नाही, टोमणाही मारला नाही. त्यांचं बघून मला माझे हात दिसले.

कपडे घालायची रीतही त्यांनीच दाखवली. घालताना आधी लुळा हात बाहीत घालायचा, मग चांगला. काढताना आधी चांगला हात मोकळा करायचा, लुळा शेवटी. म्हणजे अधू बाजूला कमीत कमी ताण येतो. आईंना गाऊन घातला की त्या डाव्या हाताने तो खाली खाली ओढत राहायच्या. सत्तर वर्षांच्या बाईने जन्मात साडीशिवाय दुसरं नेसलं नव्हतं. मग शिंप्याकडून ब्लाउज पुढून उघडे करून त्याला चिकटपट्टी लावून घेतली, जुन्या सुती साड्या मधून कापून परकरावर गुंडाळता येतील अशा करून घेतल्या. पहिल्यांदा तशी साडी गुंडाळून पदर खांद्यावर टाकला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने पदराचं टोक धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

नळी निघाल्यावर खाणं सुरू झालं. पातळ पाणी सगळ्यांत धोक्याचं, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं. नाचणीची घट्ट पेज, कुस्करलेलं केळं, मऊ खिमट. पाठ ताठ, हनुवटी किंचित छातीकडे, लहान चमचा, आणि गिळल्याची खात्री झाल्याशिवाय पुढचा घास नाही. उजव्या गालाला जाणीव कमी, त्यामुळे घास तिथेच साठून राहायचा. तो ओल्या फडक्याने बोट फिरवून काढावा लागे. पहिल्या दिवशी मी त्यांच्या गालात बोट घातलं तेव्हा आम्हा दोघींना काय वाटलं ते मी शब्दांत मांडू शकत नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. मीही दुसरीकडे बघितलं. अठरा वर्षांत आम्ही एकमेकींच्या इतक्या जवळ कधी आलोच नव्हतो. हळदीकुंकवाला कपाळाला बोट लागायचं, तेवढंच.

स्पीच थेरपिस्ट साताऱ्यात होत्या. आठवड्यातून एकदा जायचो, मधले दिवस घरी अभ्यास. त्यांनी नाव सांगितलं, वाचाघात. झटका आलेल्यांपैकी साधारण तीनातल्या एकाला तो होतो म्हणे. "यांची बुद्धी गेलेली नाही," त्या म्हणाल्या. "मांडणीवर डबे सगळे भरलेले आहेत. पण हळदीचा डबा काढायला जावं आणि हात मोहरीवर पडावा, तसं यांचं शब्दांचं झालंय. बाहेर येईल तो शब्द बरोबरच असेल असं नाही, पण मनात काय हवंय ते यांना पक्कं माहीत आहे." हे ऐकताना आईंनी टेबलावर डावी मूठ आपटली. बरोबर, बरोबर, असं असावं ते.

तोवर आईंच्या तोंडून एक शब्द यायला लागला होता. 'नको'. फक्त तोच. पाणी हवं का? नको. आणि पाणी दिलं की घटाघट पितात. दिवा लावू? नको. लावला की हात जोडायला जातात, एकच हात वर येतो. मला वाटायचं मुद्दाम करतात. सगळी भाषा पुसली गेली आणि नेमका माझ्या वाट्याचा शब्द तेवढा मागे राहिला, याचं मला इतकं लागलं होतं की एका संध्याकाळी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले.

थेरपिस्टबाईंनी समजावलं की असं पुष्कळांचं होतं, एखादाच शब्द किंवा आवाज शिल्लक राहतो आणि सगळं त्यातूनच बाहेर पडतं. पुढे मी घरी वाचलं तेव्हा कळलं, मेंदूतली बोलण्याची जागा ज्या माणसामुळे जगाला समजली तो असाच होता. पॅरिसमध्ये 1861 साली पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे एक रुग्ण आला. त्याला फक्त 'टॅन' एवढंच म्हणता यायचं. तो गेल्यावर ब्रोकांनी मेंदू तपासला, तर डाव्या बाजूचा पुढचा भाग खराब झालेला. मी त्या माणसाचा बराच विचार केला. त्याला भूक लागली की तो 'टॅन' म्हणत असेल, चीड आली की 'टॅन'. त्याच्याजवळ बसून ते वेगवेगळे 'टॅन' ओळखणारं कुणी होतं का?

"शब्दाकडे जाऊ नका, सुराकडे जा," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "आणि विचारल्यावर मनात दहा आकडे मोजा. त्या आधी दुसरा प्रश्न नाही, मदत नाही, त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करायचं नाही."

दहा आकडे म्हणजे काय ते मोजल्याशिवाय कळत नाही. मी तीनवर यायचे आणि बोलून मोकळी व्हायचे. "पाणी? चहा? लाइट? दुखतंय?" असा भडिमार. आई गोंधळायच्या, लाल व्हायच्या, आणि शेवटी मान भिंतीकडे फिरवायच्या. टीव्ही बंद करून, समोर बसून, एका हातात पेला आणि एका हातात उशी धरून नुसतं गप्प राहायला मला आठवडेच्या आठवडे लागले. मी कधी कुणासाठी असं थांबलेच नव्हते. नवरा बोलत असला की त्याच्या पुढचं वाक्य मला आधीच माहीत असायचं. मुलगी शाळेतलं सांगायला लागली की मी निष्कर्ष सांगून तिला गप्प करायचे.

थांबायला लागले तसे 'नको'चे प्रकार ऐकू यायला लागले. आखूड, खाली पडणारा 'नको' म्हणजे हो. लांबवलेला, शेवटी वर जाणारा, म्हणजे तूच बघ बाई. दोनदा घाईघाईने आला तर लघवी. आणि एक फार हळू, श्वासातूनच येणारा होता, तो मावशी संध्याकाळी घरी जायला निघाल्या की येई. तो मला ऐकू यायला दोन महिने लागले. तो जाऊ नको असा होता.

त्या सुमाराला एक नातेवाईक भेटायला आल्या. मोसंबी ठेवली, कॉटच्या कडेला बसल्या आणि आईंच्या डोक्यावरून मला विचारलं, "आता काही कळत नसेल ना यांना?" आईंच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि उशीत गेलं. मी म्हणाले, "सगळं कळतं. तुम्ही त्यांनाच विचारा. उत्तराला वेळ लागेल, थांबा फक्त." त्या बाई ओशाळल्या. त्या गेल्यावर मला जाणवलं, आईंच्या बाजूने मी कुणाशी तरी पहिल्यांदाच बोलले होते.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. झालं नाही.

2023 चा फेब्रुवारी. मुलीची परीक्षा तोंडावर, मावशी चार दिवस रजेवर, नवरा कामासाठी बाहेरगावी. रात्री दोनच्या सुमाराला तिसऱ्यांदा अंथरूण ओलं झालं होतं. चादर ओढताना आईंनी डाव्या हाताने कॉटची कड घट्ट धरून ठेवली, "नको, नको, नको." त्या रात्री मी दहा आकडे मोजले नाहीत. "सोडा की आता!" असं ओरडले आणि त्यांना उजव्या हाताला धरून ओढलं. लुळ्या हाताला. तो कधीही ओढायचा नाही, खांद्याचा सांधा सैल झालेला असतो, हे मला पहिल्या दिवसापासून सांगितलेलं होतं, आणि मीच ते तक्त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं.

त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो 'नको' नव्हता. तो कुठलाच शब्द नव्हता. मी हात सोडला. शेजारच्या खोलीतून मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता माझ्याकडे बघत राहिली. मग तिनेच कपाटातून कोरडी चादर आणली.

दोन दिवसांनी फिजिओथेरपीवाले आले. खांद्यावर सूज होती. त्यांनी विचारलं, "हात कुणी ओढला का?" घरात मी आणि आईच होतो. काहीही सांगता आलं असतं, त्या सांगू शकल्या नसत्या. हा विचार मनात आला, म्हणून लिहिते आहे. मी म्हणाले, "मी ओढला. रागाने." ते काही बोलले नाहीत. हाताला झोळी कशी बांधायची, उशीवर कोपर कसं ठेवायचं ते दाखवून गेले.

त्या दुपारी मी आईंच्या समोर स्टूल घेऊन बसले आणि म्हणाले, "आई, चुकलं माझं. तुम्हाला दुखवलं. माफ करा." आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन. सातवर त्या म्हणाल्या, "नको." मी शिकलेल्या एकाही प्रकारात तो बसला नाही. माफी मागू नको, की माफ नाही करणार, की आता बोलू नको, मला अजून माहीत नाही. त्यांनी डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. तो माझ्यासाठी होता की तोल सावरायला, तेही माहीत नाही. पण त्या दिवसापासून मी तो भिंतीवरचा तक्ता काढून टाकला.

रागाबद्दल मी पुष्कळ विचार केलाय. सेवा करणाऱ्या बाईला राग येतच नाही असं आपल्याकडे धरून चालतात, आणि त्यामुळेच तो आला की लपवावा लागतो. मी नणंदेला फोन केला. ती पनवेलला असते, रोज रात्री फोनवर सूचना द्यायची: हे दे, ते लाव, अमुक डॉक्टरांना दाखव. एरवी मी हो हो म्हणून फोन ठेवायचे आणि मग तासभर धुमसायचे. त्या दिवशी तिला सगळं सांगितलं, हात ओढल्याचंही, आणि म्हटलं, "वन्सं, सूचना नकोत. मला आठ दिवस झोप हवी आहे. तुम्ही या." ती आली. तिसऱ्या रात्री, अंथरूण बदलून झाल्यावर, ओट्याला टेकून ती म्हणाली, "मला काही कल्पनाच नव्हती गं." आता ती दर दोन महिन्यांनी आठ दिवस येते. फोनवर आधी मला कशी आहेस विचारते.

नवऱ्याची गोष्ट वेगळी. तो औषधं आणायचा, पैसे भरायचा, आईंना उचलून खुर्चीत ठेवायचा, पण त्यांच्यासमोर बसायचा नाही. दारात उभा राहून "बरं आहे ना?" म्हणायचा आणि जायचा. मला याचा संताप यायचा. एकदा थेरपिस्टबाईंनी विचारलं, "यांना लहानपणापासून काय पाठ आहे? पाठ असलेलं, सुरात म्हणायचं पुष्कळदा सुखरूप राहतं." मी म्हणाले, दिवेलागणीची शुभंकरोति. नवरा मागे उभा होता. तो म्हणाला, "पाढे. अख्ख्या गल्लीला पाढे आईने शिकवलेत."

घरी आल्यावर तो पहिल्यांदा त्यांच्यासमोर मांडी घालून बसला. घसा खाकरून म्हणाला, "बे एके बे." आईंनी त्याच्याकडे बघितलं. "बे दुणे..." तो म्हणाला आणि थांबला. आईंच्या ओठांची हालचाल झाली. "चा...र." मग "बे त्रिक" तो, आणि "सहा" त्या. चौकापासून त्या स्वतःच म्हणायला लागल्या, त्याच जुन्या हेलात, शिकवणीत म्हणायच्या तशा, शेवटच्या आकड्यावर जोर देऊन. बे दाहे वीस झालं तेव्हा माझा पंचेचाळीस वर्षांचा नवरा जमिनीवर डोकं टेकवून रडत होता आणि आई डाव्या हाताने त्याच्या केसांतून बोटं फिरवत "नको, नको" म्हणत होत्या. तो दारात का उभा राहायचा ते मला तेव्हा कळलं. आई गप्प आहे हे त्याला बघवत नव्हतं. मी त्याला निर्दय समजत होते.

गंमत म्हणजे दोन बोटं दाखवून "किती?" विचारलं तर 'दोन' यायचं नाही. पाढ्यातला आकडा वेगळ्या वाटेने येतो. त्याच वाटेने पुढे शब्द आणायची एक पद्धत आहे, 1973 साली अमेरिकेत मांडली गेलेली. रोजचं छोटं वाक्य हेल काढून म्हणायचं, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ताल धरायचा. 'पा-णी-दे.' 'ऊ-न-आ-लं.' आम्ही रोज सकाळी अर्धा तास ओसरीवर बसायचो, नवरा, मी, कधी मुलगी. शेजारपाजारचे आधी थबकून बघायचे, मग सवय झाली. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा भरभर होते, नंतर हळू, पण थांबत नाही. आज आईंकडे तीस-चाळीस शब्द आहेत. वाक्य नाही. शब्द येतो, मध्ये मोठी पोकळी, मग दुसरा शब्द.

अपंगत्वाचा दाखला काढायचा होता. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्वही येतं, वाचाघातासकट, हे फार जणांना माहीत नसतं, म्हणून इथे सांगते. आम्ही फक्त हातापायाचा अर्ज करणार होतो.

2023 च्या गौरी आल्या. नैवेद्याचं ताट वाढून मी आईंची खुर्ची देवासमोर आणली. त्या गौरींकडे बघतच नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. मग भिंतीवरच्या माझ्या वडिलांच्या फोटोकडे बघितलं, आणि हुंदके द्यायला लागल्या. मोठमोठ्याने, थांबेचनात. मी ताट खाली ठेवलं. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की अशा आजारात रडू आणि हसू कारणाशिवाय फुटतं, त्याचा अर्थ लावत बसू नका. त्यामुळे मी अर्थ लावत नाही. त्यांच्या शेजारी पाटावर बसले, त्यांचा लुळा हात नीट दोन्ही हातांत घेतला, आणि रडू थांबेपर्यंत बसून राहिले. नैवेद्य निवला. मी वडिलांसाठी त्या दिवशी बारा वर्षांनी रडले, एवढं मात्र नक्की.

मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "आई, मला..." आणि गप्प झाली. पूर्वीची मी असते तर म्हणाले असते, "काय, पैसे हवेत?" मी भाताचा घास हातात धरून मोजायला लागले. आठवर ती म्हणाली, "मला भीती वाटते सगळ्याची. रोज." त्यानंतर आम्ही दोघी रात्री एकपर्यंत ओट्यापाशी बसलो होतो. आठ आकड्यांच्या आत मी बोलले असते तर ते वाक्य कुठे गेलं असतं, या विचाराने मला अजून झोप लागत नाही कधीकधी.

परवाची गोष्ट. जानेवारीतली थंडी, सकाळचे सात. मी न्हाऊन आले होते, गॅसवर दूध ठेवलं होतं, मावशी यायच्या होत्या. आई खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर शाल. मी वाटी घेऊन त्यांच्यासमोरून जात होते तर त्या म्हणाल्या, "के..."

मी थांबले. "के... के..." डावा हात हवेत उठला, खाली गेला. मी वाटी ठेवली आणि समोर स्टुलावर बसले. केळं असणार, हे मला वाटलं. तोंडावर आलं होतं, गिळलं. मागे दुधाचा आवाज बदलला. सहा, सात. उतू जाणार हे कळत होतं. आईंच्या कपाळावर आठी पडली होती, ओठ जुळत होते, सुटत होते. नऊ, दहा. दूध गेलं, फस्स करून, जळका वास आला. मी उठले नाही.

"केस," आई म्हणाल्या. दम घेतला. "ओले."

मी गॅस बंद केला, पंचा आणला आणि त्यांच्या पायाशी, त्यांच्याकडे पाठ करून बसले. डाव्या हाताने पंचा नीट धरता येत नव्हता, तो सारखा घसरत होता. मी तो उचलून परत परत त्यांच्या हातात देत होते.